निवृत्त पाल्य

"असू दे हो बाबा, तुम्हाला नाही कळायचं ते," असं लेक त्या रविवारी फोनवर म्हणाली नसती, तर पुढचा सगळा उपद्व्याप झालाच नसता. त्या बाबांनी, म्हणजे आपल्या साहेबांनी, माळा साफ केला नसता, फ्रीज जागचा हलला नसता आणि सोसायटीच्या फलकावर ती नोटीसही लागली नसती.

आता लेक काही टाकून बोलणाऱ्यातली नव्हे. लांबच्या शहरात नोकरी करते, दर रविवारी सकाळी न चुकता फोन करते. फोन आधी आईच्या हातात असतो, तेव्हा चांगला तासभर चालतो. त्यात मैत्रिणीचं लग्न असतं, घरमालकाचा कुत्रा असतो, न शिजलेला भात असतो, हसणं तर विचारू नका. मग आई म्हणते, "घे, बाबांशी बोल," आणि फोन पुढे होतो.

"कशी आहेस?"

"ठीक."

"काम?"

"ठीक चाललंय."

"तब्येत?"

"ठीक."

यानंतर बापलेक हवेबद्दल बोलतात. तिच्याकडे गरम आहे, यांच्याकडेही गरमच आहे, आणि झालं. त्या रविवारी मात्र साहेबांनी हवेच्या आधी एक जादा प्रश्न घातला. नव्या नोकरीत नक्की काय करतेस? ती म्हणाली, क्वांटम कम्प्युटिंग. साहेब म्हणाले, म्हणजे? आणि त्यावर ते वरचं वाक्य आलं.

साहेबांच्या वर्मी लागलं. कारण साहेब म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हेत. ते वजनमापे निरीक्षक, आता निवृत्त. एके काळी प्रमाण वजनांची पेटी घेऊन ते बाजाराच्या कोपऱ्यावर दिसले की दुकानादुकानांतून खाकरण्याचे आवाज येत. निवृत्त झाल्यावर बाजार सुटला आणि घर सापडलं. भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे म्हणून त्याला खाली उतरवण्यात आलं. बाईसाहेबांची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, शिवणाची टेप वापरून वापरून बोटभर लांबली आहे असं सिद्ध झालं आणि ती जप्त झाली. (बाईसाहेबांनी ती दुसऱ्याच दिवशी कपाटातून परत मिळवली. उसवलेल्या बाह्यांना कायदा कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.) साहेबांची श्रद्धा एकच: वस्तूला तिचं वजन असतंच, कोणी मोजो अगर न मोजो. मोजणाऱ्याने फक्त खाली वाकून आकडा वाचायचा.

लेक सुट्टीला घरी यायची होती. तोवर क्वांटम कम्प्युटिंग शिकायचं आणि तिच्या कामाबद्दल निदान एक तरी बरोबर प्रश्न तिला विचारायचा, असा साहेबांनी निश्चय केला. उत्तर कळलं नाही तरी हरकत नव्हती. पण प्रश्न असा हवा की तिला 'ठीक' म्हणून सुटताच येऊ नये.

पहिली चूक त्यांनी ही केली की निश्चय जिन्यात बोलून दाखवला.

समोरच्या घरात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळी इमारत पाठीमागे 'सर्वज्ञ' म्हणते, आणि ते त्यांना कळलेलं आहे, कारण त्यांना सगळंच कळतं. "क्वांटम ना? अगदी सोपं," सर्वज्ञ म्हणाले. "एकाच वेळी सगळं होतं. आमच्या भाच्याच्या मित्राने केलंय. फक्त सुरुवात करण्याआधी बुद्धिबळ शिका, चष्म्याचा नंबर तपासा आणि मीठ कमी करा." खालच्या मजल्यावरचे औषधवाले म्हणाले, स्मरणशक्तीचं एक पातळ औषध आहे, चव वाईट आहे पण गुण येतो. साहेबांनी ते घेतलं. चवीबद्दल औषधवाले खरं बोलत होते.

मग साहेबांनी फोनवर 'नवशिक्यांसाठी क्वांटम' असा एक वर्ग शोधून काढला. फुकट होता, मायबोलीत होता, आणि वर्ग दुपारी असायचा. नाव घातलं, पत्ता घातला. जन्मवर्षाशी येऊन गाडं अडलं. तिथे वर्षांची एक यादी होती, ती अंगठ्याने सरकवत खाली न्यायची. साहेब सरकवत राहिले. लेकीच्या जन्माचं वर्ष गेलं, आपल्या लग्नाचं गेलं, नोकरी लागली ते गेलं, अंगठा दुखायला लागला, आणि साहेब जन्माला यायच्या आतच यादी संपली.

त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, जवळचं एखादं वर्ष टाका ना."

"जवळचं? जवळचं म्हणजे काय? अहो, जवळपास किलो देणाऱ्यांचे तराजू मी उचलून नेलेत!"

"मग राहू द्या सर, तसंच पुढे जा."

साहेबांनी राहू दिलं. खोटं वर्ष घालण्यापेक्षा कोरं बरं. पण फोनला कोरं राहणं मंजूर नव्हतं. त्याने आपल्या मनाने यादीतलं सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात अलीकडचं वर्ष घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला: पालकांचा मोबाइल क्रमांक? साहेबांना वाटलं, काही कमीजास्त झालं तर कोणाला कळवायचं ते विचारताहेत. त्यांनी बाईसाहेबांचा नंबर दिला.

बाईसाहेब स्वयंपाकघरात मटाराच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून संदेश वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"अहो, तुम्हाला वर्गात बसू देऊ का?"

"म्हणजे?"

"इथे विचारलंय. 'आपल्या पाल्यास वर्गात बसण्यास आपली संमती आहे का?' पाल्य म्हणजे तुम्हीच ना?"

साहेबांनी फोन हिसकावून घेतला, वाचला आणि खुर्चीत बसले. बाईसाहेब मात्र शांतपणे विचार करत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात असा अधिकार त्यांच्या हाती प्रथमच आला होता, आणि तो वाया घालवणाऱ्या त्या नव्हेत.

"संमती देते," त्या म्हणाल्या. "आधी माळा साफ करा."

माळा साफ झाला. चूक दुरुस्त करायचा प्रयत्नही साहेबांनी केला, नाही असं नाही. मदतकेंद्राने सांगितलं की वय बदलायचं असेल तर पालकांनी अर्ज करावा आणि त्यावर पाल्याच्या शाळेचा शिक्का आणावा. साहेबांच्या शाळेच्या जागी आता वाहनतळ आहे. तिथल्या रखवालदाराकडे शिक्का होता, पण तो गाड्यांचा. तेव्हा साहेब पाल्यच राहिले.

वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या मॅडम हसतमुख होत्या. फोनच्या कॅमेऱ्यावर साहेबांनी पूर्वीच चिकटपट्टी लावलेली होती, कारण आपण न बघता आपल्याकडे कोणी बघावं हे त्यांच्या सेवाकाळातल्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यामुळे मॅडमना फक्त आवाज ऐकू येई.

"हे बघा बाळांनो," मॅडम म्हणाल्या, "टेबलावर नाणं गरगर फिरतंय. ते छापा आहे की काटा? दोन्हीचं मिश्रण आहे, असं समजा. आपला क्यूबिट, म्हणजे क्वांटम कम्प्युटरमधला माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, तसाच असतो. मोजलं की मात्र तो एकच काहीतरी होतो."

साहेबांना राहवलं नाही. "मॅडम, ते काय आहे हे आपल्याला माहीत नसतं, असं म्हणा. त्याचं त्याला माहीत असणारच!"

"छान प्रश्न, बाळ! नाण्याचं तसं असेल. पण क्यूबिटचं नाही. मोजेपर्यंत ते ठरलेलंच नसतं. मोजल्यावर ठरतं. आणि घसा बसलाय का रे तुझा? आईला गरम पाणी करून द्यायला सांग."

साहेब सुन्न झाले. घशामुळे नव्हे. मोजल्यावर ठरतं! म्हणजे मोजणारा नुसता वाकून वाचत नाही, तो ठरवतो? मग ती प्रमाण वजनांची पेटी, ते शिक्के, ती जप्ती, त्या सगळ्याचं काय? समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. संध्याकाळी बाईसाहेबांच्या फोनवर संदेश आला: 'आपला पाल्य चुणचुणीत आहे, परंतु उलट प्रश्न फार विचारतो. घरी समज द्यावी.'

"समज दिली बरं का," बाईसाहेब म्हणाल्या आणि भाजी फोडणीला टाकली.

गृहपाठ होता, नाणं पुन्हा पुन्हा फिरवून काय पडतं ते लिहिण्याचा. साहेब कामाला लागले. दुपारच्या शांत वेळी जेवणाच्या टेबलावर नाणं फिरवायचं, बघायचं, लिहायचं. टेबल थोडं उतरतं होतं. (ते उतरतं आहे हे साहेबांनी पूर्वीच मोजून ठेवलेलं होतं, पण टेबल जप्त करता येत नाही.) त्यामुळे नाणं फिरता फिरता फरशीवर पडायचं, खणखणत जायचं आणि फ्रीजखाली शिरायचं. एकदा असं झाल्यावर साहेबांनी फ्रीज ओढून बाजूला घेतला. घर्रर्र असा आवाज झाला.

खालचे औषधवाले दुपारी दुकान बंद करून घटकाभर लवंडतात. त्यांना वरून आधी नाण्यांचा खणखणाट ऐकू आला आणि मग काहीतरी अवजड सरकवल्याचा आवाज. त्यांनी झोपमोड झालेल्या माणसाच्या बुद्धीने विचार केला आणि सेक्रेटरींना गाठलं: साहेबांकडे जुगार चालतो आणि त्यासाठी यंत्र आणलंय.

सेक्रेटरी चौकशीला आले, ते अगदी गोड बोलत. साहेबांना मात्र आनंद झाला. इतक्या दिवसांत कोणीतरी स्वतःहून विचारायला आलं होतं. त्यांनी सेक्रेटरींना बसवलं आणि मनापासून समजावलं. नाणं काय, नुसतं समजण्यापुरतं. खरं यंत्र फार नाजूक, त्याला इतकं थंड ठेवावं लागतं की आपण थंडी म्हणतो ती त्याच्यापुढे ऊनच. जरा धक्का लागला की हिशेब बिघडला. सेक्रेटरी मान हलवत होते आणि भिंतीपासून दूर सरकलेल्या फ्रीजकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली. 'काही सभासद आपल्या सदनिकेत विनापरवाना अतिथंड यंत्र बसवत असल्याचे समितीच्या कानावर आले आहे. इमारतीस धोका पोहोचल्यास समिती जबाबदार राहणार नाही.' नावं घालायची पद्धत नसल्यामुळे प्रत्येकजण फलकासमोर उभा राहून वर साहेबांच्या खिडकीकडे बघू लागला. गेली कित्येक वर्षं ओल असलेल्या भिंतीची ओल आता त्या यंत्रामुळे ठरली. एका आजीबाईंचे गुडघे त्याच यंत्रामुळे दुखू लागले. सर्वज्ञांना विचारलं तर ते म्हणाले, "यंत्र आहेच. पण ते एकाच वेळी दोन ठिकाणी असतं, त्यामुळे सापडणार नाही." यावर समितीने दोन्ही ठिकाणी तपासणी करायचं ठरवलं.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांत शिरून तपासणी केलेल्या माणसाच्या घरात तपासणी! साहेबांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला आणि दार स्वतः उघडलं. सेक्रेटरी, औषधवाले, सर्वज्ञ आणि समितीचा खजिनदार असलेला कोपऱ्यावरचा किराणावाला, असे चौघे आत आले. त्यांनी फ्रीज उघडून बघितला. आत मटार होते आणि स्मरणशक्तीच्या औषधाची बाटली होती. पलंगाखाली बघितलं. माळ्यावर चढून बघितलं. माळा लख्ख होता, त्याचा तेवढा फायदा झाला.

"मग यंत्र कुठे आहे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"यंत्र नाहीये! मी फक्त शिकतोय!" साहेबांचा आवाज चढला. "आणि तेही मला पटत नाहीये. हे लोक म्हणतात, मोजेपर्यंत काही ठरलेलं नसतं, बघितलं की ठरतं. तुम्हीच सांगा, हे कुठल्या शहाण्या माणसाला पटेल?"

सर्वज्ञांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी किराणावाला खो खो हसत सुटला.

"साहेब, यात न पटण्यासारखं काय आहे? माझा तराजू तसाच होता की."

"म्हणजे?"

"तुम्ही कोपऱ्यावर दिसलात की तो बरोबर व्हायचा. काटा कसा अगदी मधोमध! तुम्ही बघितलात तेव्हा माझा तराजू कधीच चुकलेला नव्हता, आठवा. तुम्ही बघत नसताना तो काय करत होता, ते मात्र विचारू नका. आता निवृत्त झालात म्हणून सांगतो."

सगळे हसले. सेक्रेटरीसुद्धा हसले. बाईसाहेब तोंडाला पदर लावून आत गेल्या. समितीने यंत्र नसल्याचा निर्वाळा दिला, चहा घेतला आणि ती निघून गेली.

आता खरं सांगायचं तर किराणावाल्याचं उदाहरण मॅडमनी लाल शाईने खोडलं असतं. त्याच्या तराजूचं काय ते आधीच ठरलेलं असायचं, फक्त साहेब दिसले की ते बदलायचं. हा काही निसर्गाचा नियम नव्हे, हा किराणावाल्याचा अंगठा. हे साहेबांनाही कळत होतं. पण ते खुर्चीत बसून राहिले, आणि त्यांच्या डोक्यात तराजू नव्हता.

"मनाला लावून घेऊ नका हो," बाईसाहेब बाहेर येऊन म्हणाल्या. "त्याला हसायची सवयच आहे."

"तो जाऊ दे. मी विचारलं की ती 'ठीक' म्हणते."

"कोण?"

"आपली लेक. मी बघायला गेलो की तिचा काटा अगदी मधोमध." साहेबांनी खुर्ची बाईसाहेबांकडे वळवली. "तुला कशी गं सगळं सांगते? तू काय विचारतेस तिला?"

बाईसाहेबांनी जरा विचार केला. "मी कुठे काय विचारते? मी शेंगा सोलत असते."

साहेबांना त्या उत्तराने वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि परातीत मटार घेऊन बसले. पहिले काही दाणे घरभर उडाले. पण माणूस शिस्तीचा, दोनचार दिवसांत हात बसला.

लेक आली. साहेबांनी मधल्या काळात एक प्रश्न घोटून घोटून तयार केला होता. त्यात तीन अवघड शब्द होते आणि ते तिन्ही बरोबर क्रमाने येत होते. पण तो त्यांनी विचारला नाही. दारात "आलीस?" म्हणाले, बॅग उचलून आत नेली आणि सज्जात जाऊन परात पुढ्यात ओढली.

आत बाईसाहेबांचा फोन वाजला. त्यांचे हात कणकेचे होते, म्हणून लेकीनेच मोठ्याने वाचलं. "'आपला पाल्य हुशार आहे, पण वर्गात त्याचं लक्ष उडालेलं असतं. पालकसभेस अवश्य यावे.' आई, हा पाल्य कोण?"

बाईसाहेबांनी लाटण्याने सज्जाकडे बोट दाखवावं तसं दाखवलं आणि मग त्यांनी सगळंच सांगितलं. फ्रीज, नाणी, नोटीस, गरम पाणी. आतून लेकीचं हसणं साहेबांना ऐकू येत होतं. तेच ते हसणं, जे फोन त्यांच्या हातात आल्यावर थांबतं. त्यांचे कान तापले, पण त्यांना बरंही वाटत होतं.

मग ती सज्जात आली. स्टूल ओढून बसली, आणि परातीतून एक शेंग उचलली.

साहेबांच्या ओठांवर 'कशी आहेस' आलं. अगदी टोकावर आलं. त्यांनी घाईने एक मटाराचा दाणा तोंडात टाकला आणि चावत बसले. पुढच्या शेंगेलाही तसंच झालं. खाली रस्त्यावरून कोणाची तरी सायकल गेली. साहेबांनी शेंगेकडेच बघत राहायचं ठरवलं होतं, आणि ते मान मोडेपर्यंत शेंगेकडेच बघत होते.

"बाबा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला ते काम जमत नाहीये."

साहेबांचा हात थांबला. त्यांनी तो पुन्हा चालू केला.

"सगळे माझ्या फार पुढचे आहेत. मीटिंगमध्ये मी नुसती मान हलवते. घरी आल्यावर दार लावून नवशिक्यांचे धडे बघते. हेच, नाण्याचे. तुम्हाला नाही कळायचं असं म्हणाले ना मी, ते तुमच्यासाठी नव्हतं. तुम्ही 'म्हणजे?' म्हणालात आणि मला म्हणजे काय ते सांगताच येईना. वाटतं, सोडून द्यावं."

तिचे डोळे भरले होते. इतकी वर्षं ज्या माणसाला तिने फक्त 'ठीक' दाखवलं होतं, त्याच्यासमोर ती शेंगा सोलत रडत होती. साहेबांना भरून आलं. त्यांनी परात थोडी तिच्याकडे सरकवली.

"मोजल्यावर ठरतं, ते तुला पटतं का गं, चिमे?" त्यांनी विचारलं.

"कळतं. पण पटत नाही."

"मलाही नाही. मॅडमना मी तसं सांगितलंय. त्यांनी गरम पाणी प्यायला सांगितलं."

ती रडता रडता हसली, नाक पुसलं. साहेबांनी तो घोटलेला प्रश्न, त्यातल्या तिन्ही अवघड शब्दांसकट, मनातल्या मनात परत पेटीत ठेवून दिला.

"आता वर्गाची वेळ झालीय," ते म्हणाले. "लावू का?"

"लावा की," ती म्हणाली आणि स्टूल त्यांच्याजवळ घेतलं. "आणि बाबा, ही चिकटपट्टी काढा आधी. मॅडमना आपण दिसू तरी देत."

घटकाभराने बाईसाहेब चहा घेऊन निघाल्या. सज्जाचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून नाणं फरशीवर पडल्याचा आवाज आला, मग दोघांचे एकदम बोलण्याचे आवाज, "छापा!" "अहो बाबा, थांबा ना, फिरू दे त्याला!" खालून औषधवाल्यांनी काठीने छत ठोकलं. बाईसाहेब दाराशीच थांबल्या. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन वाजला. त्यांनी ट्रे ठेवून चष्मा लावला.

'आपल्या पाल्याच्या जागी वर्गात एक ताई बसल्या आहेत आणि शेजारचे आजोबा त्यांना उत्तरे सांगत आहेत. कृपया आत जाऊन लक्ष घालावे.'

बाईसाहेबांनी एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं, "असू दे हो मॅडम." मग दोन्ही कपांवर बशा झाकल्या आणि आत न बघता त्या स्वयंपाकघरात परत गेल्या.